फायबरची गाडी, फायबरचे हत्ती

माझी गाडी फायबरची आहे. पंचवीस वर्षं हे वाक्य मी माफी मागितल्यासारखं उच्चारत आलो. दोन दारं, चार चाकं, आणि थंडीत इंजिन सुरू करताना ओढायची चोकची खुंटी, एवढाच तिचा सरंजाम. दक्षिणेतल्या ज्या कारखान्यात ती जन्मली तो कधीच बंद पडला. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवावी लागते आणि मग स्वतःला. पत्रा नसल्यामुळे ती गंजत नाही, फक्त तडकते. मी घेतली तेव्हा सहकाऱ्यांनी कॉलेजच्या आवारात तिच्याभोवती फिरून बोटांनी टकटक केली होती, कलिंगड घेताना करतात तशी. मग एकाने विचारलं, "आतून पिकली आहे का?"

चालवायला लागल्यावर मात्र दुसऱ्या गाडीत जीव रमत नाही. स्टिअरिंग हातात हलकं आहे आणि रस्ता काय म्हणतोय ते सगळं सांगतं, न विचारता. गिअर पडला की पडल्याचा आवाज येतो. साठच्या वेगाला ती नव्वदचा थरार देते, तोही फुकटात. आणि वळते किती लहान जागेत! ज्या बोळात रिक्षावालासुद्धा मागे-पुढे करतो तिथे ही एका दमात तोंड फिरवते. हल्ली आमच्या बडोद्यात, अलकापुरीत, ज्या तीन मजली गाड्या दिसतात त्या कोणी चालवत नाही. त्यांत लोक बसवलेले असतात. अर्धा रस्ता अडवून अशी एक गाडी थांबते, आतून एक किडकिडीत माणूस पायरीवरून उतरतो, कोथिंबिरीची जुडी घेतो आणि परत चढतो.

गाडी तडकली की मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तिथे एक कारागीर आहे. रसायनांच्या कारखान्यांना लागणाऱ्या ॲसिडच्या टाक्या तो बनवतो, बागेतल्या घसरगुंड्या बनवतो आणि माझे मडगार्डही बनवतो. पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आ गाडी नथी, साहेब, टांकी छे. पैडां में नथी लगाव्यां, एटलुं ज." चाकं त्याने लावली नव्हती, एवढाच काय तो त्याच्या लेखी फरक. माझ्या गाडीचं इतकं अचूक वर्णन नंतर कोणी केलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, दोन वर्षांपूर्वी आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीने एक भव्य गेट बांधायचं ठरवलं.

चार इमारतींची फ्लॅटची सोसायटी. पाणी एक वेळ येतं, लिफ्ट एक सोडून एक चालते. पण आमच्या प्रमुखांना वाटलं की कमी आहे ती गेटची. अध्यक्षाला इथे प्रमुख म्हणतात, आणि आमचे प्रमुख मराठी, जुन्या फौजी घराण्यातले. बडोद्याच्या मराठी घराण्यांची एक सोय आहे: संस्थान गेलं, पण पूर्वजांच्या बढत्या थांबल्या नाहीत. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा प्रमुखांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई होते. प्रमुखांनी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा ते हवालदार झाले. मुलाच्या लग्नपत्रिकेत सरदार. नातवाच्या मुंजीपर्यंत हत्तीवरून हिंडतील अशी माझी अटकळ आहे. मी तरी हसावं असं काही नाही. आमचे पणजोबा हुजूर कचेरीत कारकून होते, आणि आम्ही पाहुण्यांना "हुजूर कचेरीत होते" एवढंच सांगून थांबतो. थांबण्यातच सगळी कला आहे.

गेटला कमान, कमानीवर छत्र्या, आणि दोन्ही बाजूंना सोंड उंचावलेले दोन हत्ती. दगडी दिसावेत म्हणून त्यांना पिवळसर रंग दिलेला. काम पुरं होत आलं आणि नोटीसबोर्डावर कागद लागला. परिसराच्या शोभेस बाधा आणणारी, पंधरा वर्षांहून जुनी, प्लास्टिकची अथवा तत्सम बनावटीची वाहनं उद्घाटनापूर्वी आवाराबाहेर न्यावीत. 'वाहनं' हे अनेकवचन सभ्यतेपोटी वापरलं होतं. तत्सम बनावटीचं वाहन आवारात एकच होतं.

आवाराबाहेर म्हणजे रस्त्यावर. पत्र्याच्या गाडीला टेम्पो घासला तर पत्रा ठोकून काढता येतो. फायबरचे तुकडे होतात. पुढची काच तर आता देशात कुठे मिळत नाही. रस्त्यावर ही गाडी एक पावसाळा काढणार नाही, हे मला आणि प्रमुखांना दोघांनाही ठाऊक होतं.

आणि प्रश्न माझ्या एकट्याच्या हौसेचा नव्हता. माझ्या बायकोची थोरली बहीण जुन्या शहरातल्या वाडी भागात राहते. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. वय ब्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, पोळीत, म्हणजे जुन्या अरुंद बोळात, आतल्या अंगाला तळमजल्यावर दोन खोल्या आणि पुढे ओटा. गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेली, त्यामुळे नाक्यापर्यंत चालणं नाही. रिक्षा दारापर्यंत येते, पण रिक्षाचे दणके डॉक्टरांनी बंद केलेत. हल्लीच्या गाड्या बोळात शिरत नाहीत. दोन शिरल्या होत्या, त्यांचे आरसे तिथेच राहिले. आत शिरणारी, ओट्याला टेकणारी, आणि जिच्यात चढावं न लागता बसता येतं अशी गाडी माझीच. दर गुरुवारी सकाळी दहा वाजता मी ताईंना घेतो. आधी व्यायाम करून घेणाऱ्या बाई, मग वाचनालय, मग गाडीतच बसून सेवउसळ. आठवड्यातलं त्यांचं घराबाहेरचं आयुष्य एवढंच. उरलेले सहा दिवस त्या ओट्यावरून पोळ चालवतात.

सर्वसाधारण सभेला मी तयारीने गेलो. प्रमुख गोड आवाजात म्हणाले, "काका, पर्सनल काही नाही हां. पण गेटचा एक लुक आहे ने."

"गाडीलाही आहे."

"काका, गाडी प्लास्टिकची आहे."

"आणि हत्ती?"

प्रमुख म्हणाले, "हत्ती डेकोरेटिव्ह आहेत."

"मकरपुऱ्यात जिथे माझं बॉनेट बनतं तिथेच हत्ती बनलेत. तुमच्या हत्तीचा कान माझ्या बॉनेटशेजारी उन्हात वाळताना मी स्वतः पाहिलाय."

चौथ्या मजल्यावरच्या बेन मागून ओरडल्या, "तो पछी हाथीने पण नोटिस आपो ने!"

हत्तीलाही नोटीस द्या म्हटल्यावर हशा पिकला. आणि गाडी बाहेर काढायचा ठराव मंजूर झाला. हसणाऱ्यांनीच हात वर केले.

घरी आल्यावर मी झालेल्या अन्यायावर बोलत होतो. बायको ताकाला फोडणी देत होती. ती वळली नाही. "तुम्हाला भांडायचं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला वाक्य टाकायचं होतं. ते टाकून झालं. आता गाडी कुठे ठेवायची ते बोला."



आठवडाभर मी जागा शोधली. एका ओळखीच्या डॉक्टरांचं गॅरेज होतं, त्यात त्यांनी जिम केली होती. एका मित्राचं होतं, त्यात त्याचा मुलगा कुत्रे वाढवत होता. उद्घाटनाला पाच दिवस उरले आणि एका संध्याकाळी प्रमुख स्वतः घरी आले, हातात लीलो चेवड्याचा पुडा आणि चेहऱ्यावर असा भाव की ठराव दुसऱ्याच कुठल्या सोसायटीने केला होता.

"काका, आपल्या गाडीबद्दल जरा बोलायचं होतं."

'आपल्या' हा शब्द ऐकून मी चष्मा लावला.

उद्घाटनाला एक बडे पाहुणे येणार होते. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांसाठी वेगळा बंगला आहे. आमंत्रण द्यायला गेलेल्या प्रमुखांना त्यांनी म्हणे विचारलं, तुमच्या सोसायटीत ती दोन दारांची फायबरची गाडी आहे ना? तशा आता फार थोड्या उरल्यात. तेवढ्यावर प्रमुखांना रातोरात माझ्या गाडीत वारसा दिसू लागला होता. गेटच्या उजव्या अंगाला, हत्तीच्या पुढे, फरशी लावलेला चौथरा बांधायचा. वर दिवा. गाडी त्यावर कायमची उभी. पुसणं, झाकणं सगळं सोसायटीकडे.

"तुम्ही फक्त चावी ठेवा, काका. मालकी तुमचीच."

"आणि चालवायची कधी?"

प्रमुखांना खरोखर वाईट वाटलं. "अशी गाडी चालवतात का, काका?"

इथे मी चेवडा परत करायला हवा होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या शाली, श्रीफळं आणि सत्कार यांची टिंगल केली. स्टाफरूममध्ये त्यासाठी माझी ख्याती होती. ते सगळं पाच मिनिटांत गळून पडलं, कारण या वेळी सत्कार माझा होता. गाडीचा म्हणा, पण गाडीच्या बाजूला खुर्ची माझी होती. मी हो म्हटलं. वर स्वतःला पटवलं की गाडी वाचली, हेच महत्त्वाचं.

बायकोने विचारलं, "आणि ताईचं काय?"

"बघू काहीतरी."

"ते तुम्हीच तिला सांगा. मी सांगणार नाही."

मी सांगितलं नाही. चार दिवस मी गाडीला पॉलिश केलं. फलकावरच्या मजकुराचे सात खर्डे केले. सातव्यात 'अभिजात' हा शब्द घातला आणि पुन्हा वाचताना मला तो आवडला, यावरून माझी अवस्था कळावी.

चौथरा फूटभर उंच झाला, चारी बाजूंनी फरशी, आणि वर चढायला उतार नाही. उतार प्रमुखांनीच काढून टाकला होता. उताराने लुक जात होता. गाडी वर जाणार कशी, हे कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. शेवटी बुधवारी संध्याकाळी मांडववाल्याची दहा माणसं आली आणि त्यांनी गाडी उचलून वर ठेवली. फायबरची असल्याचा तो एक फायदा. पालखीसारखी ती हवेतून गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर सनई लावली. सुरक्षेसाठी म्हणून बॅटरीची वायर काढली. मी खाली उभा राहून हात जोडले. कोणाला ते अजून मला नीट सांगता येत नाही.

उद्घाटन गुरुवारी होतं. मुहूर्त सकाळी दहाचा.

दहाला पाहुणे आले नाहीत. साडेदहाला नाहीत. अकराला फोन आला की निघालेत. मी लग्नातला कोट घालून लाल गालिच्याच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो. माझ्या शेजारी हत्तीचा पाय होता आणि त्याच्या नखाचा रंग आत्ताच सुटायला लागला होता. साडेअकराला माझा फोन वाजला.

"काय हो जावईबापू, किती वाजले?" ताई. ब्याऐंशी वर्षांच्या आवाजात अजून घंटा होताच वर्ग गप्प करण्याची ताकद आहे.

"साडेअकरा."

"मग माझं घड्याळ बरोबर आहे. मी दहापासून ओट्यावर बसले आहे. गाडीला काही झालं का?"

"नाही नाही. गाडी उत्तम आहे. म्हणजे, ताई, तिला चौथऱ्यावर ठेवलंय. सोसायटीने. बडे पाहुणे येतायत बघायला."

"उतरवणार कधी?"

"उतरवणार नाहीत. कायमची आहे ती."

फोनमधून पोळीतला आवाज येत राहिला, कोणी तरी भाजी विकत होतं. मग ताई म्हणाल्या, "चौथऱ्यावर मेलेल्यांना चढवतात हो. तुमची तर चालत होती."



"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुख्याध्यापिकेचं 'बरं' ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी हिशोबातून गाडी वजा केली होती, गुरुवार वजा केला होता, बहुधा मलाही, आणि आता उठून आत जाऊन पातळ बदलणार होत्या.

मांडववाले कमानीमागे चहा पीत होते. मी त्यांच्या मुकादमाला म्हटलं, "गाडी खाली घ्यायची आहे."

"काका, काल तर चढावी!"

"काल चूक झाली. चला."

दहा माणसं उठली. गाडी हवेत गेलेली दिसताच प्रमुख फेटा सावरत धावत आले. भाड्याचा फेटा, शेमला खांद्यावरून घसरत होता. "काका, काय करताय? पाहुणे पाच मिनिटांत येतील! आबरूचा सवाल आहे!"

"कोणाच्या?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सोसायटीच्या."

"सोसायटी कुठे जात नाही. मी फक्त गाडी नेतोय."

"दोन तासांचा प्रश्न आहे, काका. मग घेऊन जा ने कुठे जायचं तिथे."

"कायमची म्हणाला होतात."

"ते म्हणजे नंतर बघता आलं असतं," प्रमुख म्हणाले. 'बघू' हा शब्द माझ्याकडे जसा होता तसाच त्यांच्याकडेही होता.

कोटासकट वाकून मी बॅटरीची वायर जोडली. चोक ओढला. पहिल्या झटक्याला नुसती खोकली, दुसऱ्याला सुरू झाली आणि लाल गालिच्यावर निळसर धुराचा एक ढग सोडून आम्ही दोन हत्तींमधून बाहेर पडलो. चौथ्या मजल्यावरच्या बेन गॅलरीतून ओरडल्या, "आवजो, काका!"

त्या दिवसाइतकी ती कधी चांगली चालली नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या बोगद्यात, एका तीन मजली गाडीने मागून भोंगा वाजवला. मी तिला रस्ता दिला नाही. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याशी हातगाड्या, साड्यांचे गठ्ठे, स्कूटरी यांच्यामधून ती अशी निघाली की जणू तिला वाट माहीत होती आणि मी सोबत होतो. कोट घामाने भिजून अंगाला चिकटला होता, कारण गाडीला थंड हवेची सोय म्हणजे सरकणारी काच. मला वाटतं मी हसत होतो. एका पानवाल्याने कोट बघून लग्नाची चौकशी केली, "काका, कोना लगनमां?"

ताई अजून ओट्यावरच होत्या. पातळ बदललेलं नव्हतं. पर्स मांडीवर होती. दार उघडून त्या सावकाश आत बसल्या, काठी पायांमध्ये ठेवली, आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "कोट कशाला घातलाय? सेवउसळीला?"

त्या दिवशी व्यायाम बुडाला, वाचनालय बंद झालं होतं. सेवउसळ मिळाली. 'चौथरा' हा शब्द ताईंनी पुन्हा काढला नाही. मला जास्त लागलं ते तेच.

पुढचं वॉचमनने सांगितलं. पाहुणे दीडला आले. गाडीतून अर्धे उतरून त्यांनी फीत कापली. आठ मिनिटं थांबले. चौथरा रिकामा होता, त्यावर एक कुंडी ठेवली होती. पाहुण्यांनी तिकडे पाहिलंही नाही. गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही. टॉयलेट कुठे आहे एवढं विचारलं आणि वरच्या मजल्यावर आहे म्हटल्यावर निघून गेले. त्यांनी माझ्या गाडीची चौकशी खरंच केली होती, की प्रमुखांनी घरी येताना रस्त्यात रचली होती, हे मला आजवर कळलेलं नाही.

सोमवारी सकाळी गाडीच्या काचेवर नोटीस होती, अशा गोंदाने चिकटवलेली की तिचे अवशेष अजून आहेत. सात दिवसांत वाहन बाहेर. या वेळी एकवचन होतं. मी भांडलो नाही, वाक्यही टाकलं नाही. गाडी घेऊन सरळ वाडीत गेलो आणि ताईंना म्हटलं, तुमच्या ओट्यापुढची जागा हवी आहे.

ताईंनी जागेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "भाडं नको," त्या म्हणाल्या. "चावी माझ्याकडे राहील."

आता दीड वर्ष झालं. आमच्या गेटचा एक हत्ती पावसात उकलला आहे. त्याच्या पोटात मधमाश्या आहेत, आणि त्या मात्र नोटिशीला जुमानत नाहीत. गाडी पोळीत आहे. तिच्या दारावर कोणी तरी हळदी-कुंकू लावलं आणि ताईंनी पुसायला लावलं. मी सुभानपुऱ्याहून रिक्षाने स्वतःच्या गाडीपर्यंत जातो. रिक्षावाल्याला हे समजावण्यात अर्धा रस्ता संपतो आणि त्याचं हसणं संपायला उरलेला.

चावी मागितली की ताई विचारतात, "कशाला?" काम सांगितलं तर देत नाहीत. कामासाठी रिक्षा आहेत, म्हणतात. बँक सांगून पाहिलं, दातांचा डॉक्टर सांगून पाहिलं. "सहज," असं म्हटलं तरच चावी कनवटीतून बाहेर येते, आणि ती माझ्या हातात पडायच्या आत ताईंनी चपलेत पाय घातलेला असतो.